तंतु आणि धातु

परांचीवर उभा राहून तिसऱ्या मजल्याचा गिलावा करणारा गवंडी ज्या बांबूवर आपल्या जिवाचा भार टाकतो, तो बांबू एकटा मजूर सहज खांद्यावरून वाहून नेतो. तितक्याच लांबीची आणि तितक्याच जाडीची लोखंडी कांब उचलावयाची झाली, तर चार माणसें बोलवावीं लागतील. कांब बांबूपेक्षां बळकट आहे यांत शंका नाहीं. पण स्वतःचेंच ओझें वाहण्यांत तिचें पुष्कळसें बळ खर्ची पडतें. उलट, तोच बांबू कोयत्यानें उभा चिरला, तर एका घावासरशीं टोकापर्यंत फाटत जातो. लोखंडाच्या कांबेला अशी उभी-आडवी दिशा नसते. दोहोंत अधिक बळकट कोण, हें विचारणें सोपें आहे. परंतु किती वजनांत, कोणत्या दिशेनें आणि कोणत्या प्रसंगीं, हें विचारल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हाच प्रश्न विमानविद्येंत उपस्थित झाला. एका बाजूला पोलाद, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम हे धातु होते. दुसऱ्या बाजूला केसाहूनहि कितीतरी बारीक असे कार्बनचे काळे तंतु होते. कागदावरील हिशेबांत तंतूंनीं धातूंना केव्हांच मागें टाकलें होतें. परंतु त्या हिशेबावर भिस्त ठेवून इंग्लंडांतील एका नामांकित कारखान्यानें जें धाडस केलें, तें त्याला फार महाग पडलें. तंतु आणि धातु यांच्या तुलनेचें मर्म त्या इतिहासांत सांपडतें.

इतिहासाचा आरंभ लंडनच्या नैर्ऋत्येस असलेल्या फार्नबरो या गांवीं होतो. तेथील सरकारी विमान-संशोधनसंस्थेंत सन १९२० च्या सुमारास ॲलन आर्नल्ड ग्रिफिथ नांवाचा तरुण एंजिनिअर काचेच्या काड्या ताणून तोडून पाहत होता. काच ठिसूळपणाबद्दल कुप्रसिद्ध आहे. पण तीच काच वितळवून तिचें सूत ओढलें आणि तें अधिकाधिक बारीक करीत नेलें, तर एक नवल दिसून येई. सुमारें एक मिलिमीटर जाडीची काडी जितका ताण सोसून तुटे, त्याच्या सुमारें वीसपट ताण अत्यंत बारीक सूत, जाडीच्या प्रमाणांत पाहिलें असतां, सहज सोसत असे. ग्रिफिथनें याचें कारणहि शोधून काढलें. पदार्थांतील अणूंचे परस्परांशीं असलेले बंध मुळांतच फार बळकट असतात. पदार्थ तुटतो तो त्यांतील डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांमुळें. कारण चिरेच्या टोंकाशीं सगळा ताण एकवटतो. सूत जितकें बारीक, तितकी मोठी चीर त्यांत मावण्यास जागा कमी.

धातूंचा मोठेपणा नेमका येथेंच आहे. त्यांच्यांतहि चिरा असतात. पण चिरेच्या टोंकाशीं ताण वाढला, कीं धातूचे सूक्ष्म थर एकमेकांवरून किंचित् सरकतात आणि तें टोंक बोथट होतें. तांबटाच्या हातोडीखालीं तांब्याचा पत्रा न फुटतां घागरीचें रूप घेतो, तो याच गुणामुळें. धातु आधीं वांकतो, पोचतो, ताणला जातो आणि मग तुटतो. चांगल्या टायटॅनियमची कांब तुटण्यापूर्वीं शेंकडा दहाच्या आसपास लांबते, सौम्य पोलादाची त्याहूनहि अधिक. जणूं येणाऱ्या संकटाची पूर्वसूचनाच धातु देऊन ठेवतो. अर्थात् धातु सर्वदा विश्वासूच असतो असें मात्र नव्हे. सन १९५४ मध्यें 'कॉमेट' जातीचीं दोन जेट विमानें भूमध्यसमुद्रावर आकाशांतच फुटलीं. तेव्हां फार्नबरो येथेंच एक अख्खें विमान पाण्याच्या हौदांत ठेवून त्यावर पुनःपुन्हां दाब देण्यांत आला, आणि पुनःपुन्हां पडणाऱ्या ताणानें ॲल्युमिनियमचा पत्रा 'थकतो' व फाटतो हें सिद्ध झालें.

आतां वजनाचा हिशेब पाहूं जातां एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. पाण्याचें वजन १ धरलें, तर तेवढ्याच आकारमानाच्या पोलादाचें वजन सुमारें ७.८, टायटॅनियमचें ४.५ आणि ॲल्युमिनियमचें २.७ भरतें. वस्तु ओढली असतां ती न लांबण्याचा जो गुण, म्हणजे ताठपणा, तो शास्त्रीय मापानें अनुक्रमें २१०, ११५ आणि ७० गिगापास्कल इतका असतो. या ताठपणाला वजनानें भागलें, कीं तिन्ही धातूंचा भागाकार २५ ते २७ च्या दरम्यान येतो! याचा अर्थ असा, कीं नुसती ओढ सोसणाऱ्या दांड्याला ताठपणा हवा असेल, तर पोलाद टाकून ॲल्युमिनियम घेतल्यानें वजनांत कांहींच बचत होत नाहीं. दांडा हलका होतो, पण त्याच प्रमाणांत मऊहि होतो. मनुष्यजातीनें हजारों वर्षें धातु गाळले. पण या एका बाबतींत निसर्गानें तिघांनाहि एकाच मापानें मोजून दिलें आहे.

कार्बनचा तंतु ही मर्यादा ओलांडतो. असे तंतु एका दिशेनें लावून ते राळेंत घट्ट बसविले म्हणजे जो संमिश्र पदार्थ तयार होतो, त्याचें वजन पाण्याच्या अवघें १.६ पट असतें आणि तंतूंच्या दिशेनें त्याचा ताठपणा सुमारें १३५ गिगापास्कल भरतो. भागाकार ८४ च्या घरांत जातो. म्हणजे धातूंच्या तिपटीहून अधिक. मात्र हें झालें तंतूंच्या दिशेनें. त्याच पदार्थाला आडवें ओढलें, तर भार राळेवर येतो आणि ताठपणा १० च्या आसपास उतरतो. चोहोंकडून येणारे ताण सोसावयाचे म्हणून तंतूंचे थर सर्व दिशांना पसरले, तर ताठपणा ५० च्या आसपास राहतो आणि भागाकार ३१ वर येऊन ठेपतो. धातूंवरील तिपटीची आघाडी अशा रीतीनें जवळजवळ संपुष्टांत येते. शिवाय हा पदार्थ धातूप्रमाणें वांकत नाहीं. शेंकडा दीड-दोन इतका लांबला, कीं कोणतीहि सूचना न देतां तडकन् तुटतो. परांचीवरील बांबूचे गुण आणि बांबूचेच दोष, दोन्ही या नव्या पदार्थांत उतरले आहेत.

बांबूचा आणि कार्बनच्या तंतूचा संबंध नुसता उपमेपुरता नाहीं. सन १८७९ मध्यें इंग्लंडांत जोसेफ स्वान आणि अमेरिकेंत थॉमस एडिसन यांनीं विजेचे जे दिवे पेटविले, त्यांत सुतासारख्या वस्तु जाळून केलेला कार्बनचाच तंतु होता. आणि पुढील वर्षीं एडिसननें जगभरच्या वनस्पति धुंडाळून अखेर जपानांतील क्योटोजवळच्या बांबूची निवड केली. परंतु तो तंतु प्रकाश देण्यासाठीं होता, भार वाहण्यासाठीं नव्हे. सन १९१० नंतर टंग्स्टन या धातूच्या तारेनें त्याला दिव्यांतून हुसकून लावलें. तंतु आणि धातु यांच्या पहिल्या सामन्यांत धातूची सरशी झाली.

तंतूच्या बळाचा शोध लागण्यास त्यानंतर जवळजवळ अर्धें शतक जावें लागलें. सन १९५८ मध्यें अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत युनियन कार्बाइड कंपनीच्या प्रयोगशाळेंत रॉजर बेकन हा शास्त्रज्ञ प्रचंड दाबाखालीं विजेच्या ज्योतींत कार्बन तापवीत असतां, त्याला केसाहून बारीक असे ग्रॅफाइटचे तंतु वाढलेले दिसले. त्यांचें बळ २० गिगापास्कल आणि ताठपणा ७०० गिगापास्कल भरला. नेहमींच्या पोलादाचें बळ एक-दोन गिगापास्कलच्या वर सहसा जात नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचें महत्त्व ध्यानांत येईल. मात्र ते तंतु इंच-दोन इंच लांबीचे आणि सोन्याहूनहि कितीतरी महाग. जपानांतील ओसाका येथील सरकारी संशोधनसंस्थेंत अकियो शिंदो यांनीं, ज्या कृत्रिम धाग्याचे लोकरीसारखे कपडे विणतात, तोच ॲक्रिलिक धागा भाजून चांगला तंतु मिळतो हें सन १९६१ च्या सुमारास दाखवून दिलें. त्यानंतर फार्नबरो येथें विल्यम वॅट, लेस्ली फिलिप्स आणि डब्ल्यू. जॉन्सन या तिघांनीं मुख्य युक्ति शोधून काढली. हवेंत भाजतांना धागा आंखडूं पाहतो. त्या वेळीं त्याला ताणून धरलें, तर कार्बनचे थर धाग्याच्या लांबीच्या दिशेनें नीट रचले जातात. मग हवा वर्ज्य करून तो हजार अंशांच्या पलीकडे तापवावयाचा. सन १९६४ मध्यें या कृतीचें पेटंट मागण्यांत आलें, आणि तें वापरण्याचा परवाना ज्या मोजक्या कंपन्यांना मिळाला, त्यांत डर्बी येथील रोल्स-रॉइस ही एक होती. ग्रिफिथ स्वतः सन १९३९ मध्यें फार्नबरो सोडून याच कंपनींत गेला होता. बारीक सुतांतून त्यानें पाहिलेलें बळ आतां त्याच्याच कारखान्याच्या दाराशीं येऊन उभें राहिलें. तें पाहावयास तो मात्र उरला नव्हता. सन १९६३ मध्येंच त्याचें निधन झालें होतें.

रोल्स-रॉइसला त्या वेळीं या बळाची निकड होती. अमेरिकेंतील लॉकहीड कंपनी 'ट्रायस्टार' नांवाचें मोठें प्रवासी विमान बांधणार होती. त्याच्या एंजिनांचें कंत्राट मार्च १९६८ मध्यें रोल्स-रॉइसला मिळालें आणि इंग्लंडांत आनंदीआनंद झाला. आरबी २११ नांवाच्या या एंजिनाच्या तोंडाशीं सुमारें सात फूट व्यासाचा पंखा बसावयाचा होता. अशा पंख्याचें पातें मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्या घेऊं लागलें, कीं मध्यापासून ६० सेंटिमीटरांवर असलेला त्याचा एकेक किलोग्रॅम भाग सुमारें ८ टन ओढीनें बाहेर निसटूं पाहतो. पातें जड, म्हणून त्याला धरून ठेवणारी चकती जड. चकती जड, म्हणून तिला आधार देणारा सांगाडा जड. आणि एखादें पातें निखळलेंच, तर त्याला आंत अडवून ठेवणारें कवचहि जड. उलट, पातें हलकें केलें, तर या सर्व सांखळींतील प्रत्येक दुवा हलका होतो. पात्याची ही ओढ मुख्यतः एकाच दिशेनें असते, आणि तंतूंचें बळहि एकाच दिशेनें असतें. कागदावर यापेक्षां सुंदर जुळणी ती कोणती? कंपनीनें या पदार्थाला 'हायफिल' असें नांव दिलें आणि आपल्या हिशेबाचा मोठा भाग त्यावर उभारला.

परीक्षा घेण्यांत कंपनीनें कसूर केली नाहीं. हायफिलचीं पातीं इतर कसोट्यांना उतरलीं. परंतु विमान उडतांना आणि उतरतांना पक्षी एंजिनांत ओढले जातात. म्हणून एंजिनाला पक्ष्याची कसोटी द्यावीच लागते. मे १९७० मध्यें फिरत्या पंख्यावर एका मेलेल्या कोंबडीचा वेगानें मारा करण्यांत आला, आणि हायफिलच्या पात्यांचे तुकडे तुकडे झाले. त्या आघाताची दिशा तंतूंच्या दिशेशीं जुळणारी नव्हती. तो बाजूनें आला, क्षणांत आला, आणि त्यानें थरांमधील राळेला गांठलें. तेथें तंतूंचें बळ कामास येत नव्हतें. धातूचें पातें अशा वेळीं वांकतें, त्याला पोचा पडतो, धार दुमडते. आणि त्या वांकण्यांतच आघाताचा जोर जिरून जातो. तंतूला वांकणें ठाऊक नव्हतें. चिरेचें टोंक बोथट करण्याचा जो गुण ग्रिफिथच्या काचेंत नव्हता, तो हायफिलमध्येंहि पुरेसा नव्हता.

सुदैवानें टायटॅनियमच्या पात्यांचें काम कंपनीनें पर्याय म्हणून चालूं ठेवलेलें होतें. तीं आतां स्वीकारणें भाग पडलें. पण त्यांनीं वजन वाढलें, खर्च वाढला, आणि वेळहि गेला. एंजिनाच्या इतर भागांतहि अडचणी होत्याच. सप्टेंबर १९७० पर्यंत खर्चाचा अंदाज १७ कोटी पौंडांवर जाऊन पोंचला, आणि ठरलेल्या किंमतीपेक्षां प्रत्येक एंजिन बनविण्याचा खर्चच अधिक येणार असें दिसूं लागलें. अखेर ४ फेब्रुवारी १९७१ रोजीं रोल्स-रॉइसनें दिवाळें जाहीर केलें. ज्या नांवाचा उपयोग इंग्रजी भाषेंत उत्तमतेचा वाचक म्हणून होई, त्या कारखान्यावर कुलूप पडण्याची पाळी आली. डर्बी शहरांतील हजारों कुटुंबांची चूल धोक्यांत आली. खाजगी धंद्यांत सरकारनें हात घालूं नये असें म्हणणाऱ्या एडवर्ड हीथ यांच्याच मंत्रिमंडळाला तो कारखाना राष्ट्राच्या मालकीचा करून घ्यावा लागला. समुद्रापलीकडे लॉकहीडहि डगमगली. तिच्या कर्जाला सरकारी हमी देण्याचा ठराव ऑगस्ट १९७१ मध्यें अमेरिकेच्या सीनेटमध्यें अवघ्या एका मतानें संमत झाला. या सर्व अनर्थाचें खापर एकट्या हायफिलवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. कंत्राट कमी किंमतींत आणि बांधलेल्या अटींवर घेतलें गेलें होतें, आणि हाच दोष मोठा होता. परंतु चूक दुरुस्त करण्यास ज्या वेळीं पैसा आणि अवधि यांची सर्वांत अधिक गरज होती, त्याच वेळीं हायफिलनें दोन्ही खाऊन टाकलीं, हेंहि खरेंच.

पुढें निवृत्त झालेले सर स्टॅन्ले हूकर यांना परत बोलावून एंजिन सुधारण्याचें काम सोंपविण्यांत आलें. टायटॅनियमचीं पातीं लावून तें सिद्ध झालें, आणि एप्रिल १९७२ मध्यें ट्रायस्टार विमानें उतारू घेऊन उडूं लागलीं. ज्या एंजिनानें कारखाना बुडविला, त्यानेंच पुढें त्याला तारलें. आरबी २११ आणि त्याच्या वंशांतील एंजिनें दीर्घकाळ आकाशांत गाजत राहिलीं. सन १९८४ मध्यें रोल्स-रॉइसनें आंतून पोकळ अशीं रुंद टायटॅनियमचीं पातीं सेवेंत आणलीं. तंतूनें दिलेलें आव्हान धातूनें अशा प्रकारें स्वीकारलें. हलकें होण्यासाठीं त्यानें आपली जात न बदलतां आकार बदलला.

तंतूचेंहि आयुष्य तेथें संपलें नाहीं. त्याला उच्च पदावरून उतरून साध्या कामांना लागावें लागलें एवढेंच. जपानांतील तोरे कंपनीनें सन १९७१ मध्यें तंतूंचें व्यापारी उत्पादन सुरूं केलें, आणि त्या दशकांत मासे धरण्याच्या काठ्या व गॉल्फचे दांडे यांतून हा पदार्थ लोकांच्या हातीं पोंचला. सन १९८१ मध्यें मॅक्लॅरेन कंपनीनें शर्यतीच्या मोटारीचा सांगाडाच कार्बन-तंतूंचा केला. आघात होतांच ही मोटार चक्काचूर होईल, असें पुष्कळांना वाटत होतें. त्याच वर्षीं इटलींतील मोंझा येथें जॉन वॉटसन याच्या मोटारीला भयंकर अपघात झाला. एंजिन तुटून वेगळें पडलें. पण वॉटसन बसला होता तो भाग शाबूत राहिला, आणि तो स्वतःच्या पायांनीं चालत बाहेर आला. नीट रचना केली, तर तंतूंचे थर कणाकणानें चुरडत जातात आणि त्या चुरडण्यांत आघाताचा जोर शोषून घेतात, ही गोष्ट पुढें शर्यतींच्या जगानें चांगलीच आत्मसात् केली. फिरत्या पात्यांत जो दोष ठरला, तोच येथें जिवाचा रक्षक झाला.

सन १९९५ मध्यें जनरल इलेक्ट्रिक कंपनीचें जीई-९० हें एंजिन बोइंग ७७७ विमानाबरोबर प्रवासी सेवेंत आलें. त्याच्या प्रचंड पंख्याचीं पातीं कार्बन-तंतूंचीं होतीं, आणि तीं पक्ष्याच्या कसोटीला उतरलीं होतीं. पंचवीस वर्षांत काय बदललें होतें? राळ अधिक चिवट झाली होती. पातें रुंद आणि मुळाशीं जाड झालें होतें. धातूच्या पात्याची नक्कल करण्याचा हट्ट सुटला होता. आणि सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट ही, कीं पात्याच्या ज्या कडेवर पक्ष्याचा पहिला तडाखा बसतो, त्या कडेला टायटॅनियमचें आवरण चढविलें होतें. ओढ सोसण्याचें काम तंतूकडे आणि आघात सोसण्याचें काम धातूकडे, अशी ती वांटणी होती. सन २०११ मध्यें सेवेंत आलेल्या बोइंग ७८७ विमानांतहि असाच समझोता दिसतो. त्याच्या वजनाचा सुमारें निम्मा भाग संमिश्र पदार्थांचा आहे. पण कार्बनच्या सान्निध्यांत ॲल्युमिनियमला ओलाव्यामुळें गंज चढतो, म्हणून अशा सांध्यांच्या ठिकाणीं टायटॅनियमची योजना करावी लागली.

आणि सन २०२३ मध्यें, दिवाळ्याच्या त्या दिवसानंतर बावन्न वर्षांनीं, रोल्स-रॉइसनें डर्बी येथें 'अल्ट्राफॅन' नांवाचें नवें प्रायोगिक एंजिन चालवून पाहिलें. त्याचा पंखा साडेअकरा फुटांहून अधिक रुंद आहे, आणि त्याचीं पातीं कार्बन व टायटॅनियम या दोघांचीं मिळून बनलेलीं आहेत. ज्या शहरांत तंतूवर विसंबल्याचें प्रायश्चित्त भोगावें लागलें, त्याच शहरांत तंतूला पुन्हां मानानें जागा मिळाली. मात्र या वेळीं तो एकटा नव्हता.

सन १९६८ मधील हिशेबांत एकहि आंकडा चुकलेला नव्हता. तंतु धातूहून हलका होता, ताठ होता, बळकट होता, हें सगळें खरें होतें. पण तो हिशेब एकाच दिशेच्या ओढीचा होता, आणि पक्षी दुसऱ्याच दिशेनें आला. परांची बांधणारा कामगार बांबू आडवा टाकण्यापूर्वीं त्याचीं पेरीं पाहतो, त्याला कोठें चीर गेली आहे का तें पाहतो, आणि सांधा सुंभाच्या दोरीनें बांधतो. बांबूला खिळा ठोकण्याच्या भरीस तो पडत नाहीं. बांबू कोठें फाटतो हें त्याला ठाऊक असतें, म्हणूनच तिसऱ्या मजल्यावरील गवंडी निर्धास्त उभा राहूं शकतो. कार्बनच्या तंतूविषयीं हेंच ज्ञान मिळविण्यास विमानविद्येला पंचवीस वर्षें आणि एका मोठ्या कारखान्याचें दिवाळें इतकें मोल द्यावें लागलें.